अकरा नंबरचा बोअर

ठोकेताईंनी सांगितलेल्या आकड्यावर वाद घालायचा नाही, हे शहरातल्या बांधकामवाल्यांना कुणी शिकवावं लागत नसे. नवखा इंजिनीअर एकदा घालून बघायचा. ताई चष्मा नाकावर सरकवून त्याच्याकडे पाहायच्या, वही त्याच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्या हाताने खोडा. खाली सही करा." आजवर एकानेही खोडलं नव्हतं.

खरं नाव ओळखपत्रावर होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नसे. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन त्या माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तीन महिन्यांसाठी म्हणून लागल्या होत्या. काम काय, तर चाळण्या हलवायच्या. तीन महिन्यांची एकतीस वर्षं झाली. मधल्या काळात साहेब आले नि गेले, प्रयोगशाळेची इमारत दोनदा बदलली, ताई मात्र चाळणीवरून उठून साइटवर गेल्या आणि तिथेच रमल्या. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "वेळ होता तेव्हा माणूस नव्हता, माणूस होता तेव्हा बोअर चालू होता." यातलं खरं किती आणि विचारणाऱ्याला वाटेला लावण्यापुरतं किती, हे त्यांचं त्यांनाच माहीत.

काम ऐकायला अगदी साधं. जमिनीत बोअर घ्यायचा. दर दीड-दोन मीटरवर थांबून सळईच्या टोकाला लावलेली पोलादी नळी तळाशी टेकवायची. वर साडेत्रेसष्ट किलोचा घण. तो पाऊण मीटर उचलायचा आणि सोडून द्यायचा. सळईवर खडूने पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या तीन खुणा केलेल्या असतात. पहिल्या पंधराचे ठोके धरायचे नाहीत, कारण तिथे नळी नुसती बूड टेकत असते. पुढच्या दोन खुणांना मिळून जितके ठोके लागतील तो त्या खोलीचा आकडा. वाळू सैल असेल तर पाच-सात ठोक्यांत नळी खाली जाते. घट्ट असेल तर पंचवीस-तीस लागतात. एवढंच. पण घण पाऊण मीटरऐवजी हातभरच उचलला, दोर ओढायच्या विंचच्या रहाटावर जास्त गुंडाळला, नळीत खडा अडकला, बोअरमधलं पाणी उतरलं, तर आकडा खोटं बोलतो. आणि खोट्या आकड्यावर उभी राहिलेली इमारत दहा वर्षांनी खरं बोलते. ताईंचं सगळं आयुष्य हा खोटेपणा पकडण्यात गेलं होतं.

त्यांच्याबरोबर कायम एकच माणूस असे, दोरवाले मामा. वाळलेल्या शेंगेसारखे कृश, पण दोर हातात आला की घण अचूक पाऊण मीटरवर सुटायचा, ना बोट वर ना बोट खाली. दोघं दिवसभरात फार तर वीस वाक्यं बोलत, आणि त्यातली पंधरा भांडणाची असत.

तर यंदा कामाला आली ती नदीच्या मुखाजवळची मोकळी जागा. तिथे दोनशे खाटांचं हॉस्पिटल व्हायचं होतं. जागा प्रशस्त, रस्त्याला लागून, पण खाली दहा मीटरपर्यंत नुसती सैल वाळू, आणि दोन मीटरवर पाणी. ताईंनी सुरुवातीला आठ बोअर घेतले. आकडे आले सहा, पाच, आठ, सहा. असल्या ओल्या, सैल वाळूला भूकंपाचा एक जोरदार धक्का बसला की तिचे कण एकमेकांचा हात सोडतात, सगळी जमीन काही क्षण पातळ होते आणि वरची इमारत कलते. हॉस्पिटल कललं तर रुग्णांना हलवणार कुठे? म्हणून आधी जमीन सुधारायची आणि मग पाया घ्यायचा, असं ठरलं. सुधारलेल्या वाळूचा आकडा कुठल्याही खोलीवर निदान अठरा हवा, अशी अट कागदावर आली.

आणि ते सुधारण्याचं काम मिळालं ते ताईंच्या धाकट्या भावाच्या कंपनीला.

धाकटा ताईंपेक्षा अकरा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो सातवीत होता. त्याचा अभ्यास, त्याचे बूट, त्याची भांडणं, सगळं ताईंनीच निस्तरलं. पोरगा हुशार, पण पायाला भिंगरी. जेवतानासुद्धा तो उभ्या-उभ्या घास घ्यायचा. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली यंत्र चालवल्यावर या हॉस्पिटलच्या जागेवर कंपनीने पहिल्यांदा त्याला सगळ्या कामाचा प्रमुख नेमलं होतं. घर एकच होतं: खाली ताई आणि आई, वर धाकटा आणि भावजय. त्या दोघांची मुलगी शिकायला परगावी.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची. डोळे अधू झालेले, कान नको इतके तिखट. तिने एकदा विचारलं, "हा तिथे करतो तरी काय नक्की?"

ताई स्वयंपाकघरात डब्यात साखर भरत होत्या. डबा काठोकाठ भरला, पिशवीत साखर उरली. त्यांनी डबा ओट्यावर दोन-चारदा आपटला, साखर बोटभर खाली बसली, उरलेली तिच्यात मावली. "हे करतो," त्या म्हणाल्या.

"आपटतो?"

"थरथरवतो. लांब पोलादी खांब आहे, पोटात मोटर. टोकातून पाण्याचा जोराचा फवारा मारत तो दहा मीटर खाली उतरतो. मग थोडा थोडा वर ओढत आणतात. अर्धा मीटर वर, जरा थांब, परत अर्धा मीटर. सभोवतीची वाळू थरथरून खाली बसते, वर खड्डा पडतो, त्यात वरून आणखी वाळू लोटायची. अशी अडीच-अडीच मीटरवर शेकडो ठिकाणं."

"आणि तू?"

"मी बघते बसली का."

"म्हणजे लहानपणापासून चाललंय तेच," आई म्हणाली. "त्याने पसरायचं, तू मागून बघायचं."

मोजणीची जागा ताई मुद्दाम वाईटात वाईट निवडत. खांब जिथे उतरला तिथली वाळू घट्ट होणारच, त्यात कौतुक कसलं? तीन ठिकाणांच्या बरोबर मधोमध, जिथे थरथर सगळ्यात कमी पोचते, तिथे बोअर. शिवाय काम झाल्यावर दहा दिवस त्या जागेला हात लावायचा नाही. नुकतीच हलवलेली वाळू घट्ट बसली तरी लगेच ताकद दाखवत नाही, तिला स्थिरावायला दिवस लागतात. धाकट्याला हे सगळं ठाऊक होतं, तरी चौथ्या दिवसापासून त्याचं "ताई, कधी?" सुरू व्हायचं.

पहिले दहा बोअर पास झाले. वीस, एकोणीस, तेवीस. धाकटा साइटवर शीळ वाजवत फिरू लागला. लोकांनी कुजबुज केली नाही असं नाही. बहीण मोजणार, भाऊ पास होणार, चांगलं आहे. पण ताईंच्या समोर ते म्हणायची कुणाची छाती नव्हती. ताईंनी स्वतःच प्रकल्पाच्या इंजिनीअर मॅडमना सुरुवातीला लेखी कळवलं होतं की हा माझा सख्खा भाऊ आहे. मॅडम पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पत्राच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, "माहीत आहे. तुम्हीच मोजा."

अकरा नंबरचा बोअर घेतला त्या दिवशी साइटवर पाण्याची बोंब होती. एकाच मोठ्या पाइपातून धाकट्याच्या यंत्राला आणि ताईंच्या पिंपाला पाणी यायचं. चार मीटरला आकडा आला एकवीस. सहा मीटरपर्यंत बोअर नेला, खोदायचं अवजार वर काढलं, आणि नळी उतरवायची तेवढ्यात धाकटा ताईंच्या पाठीशी येऊन उभा राहिला.

"ताई, झालं का? मला यंत्र पलीकडे न्यायचंय."

"ने की. मी काय यंत्रावर बसलेय?"

"तुमची ही खुर्ची, पिंप, पसारा वाटेत आहे म्हणून म्हणतो."

"पसारा? एकतीस वर्षांत माझ्या सामानाला पसारा म्हणणारा तू पहिला. सातवीतल्या तुझ्या दप्तराची आठवण करून देऊ का सगळ्यांसमोर?"

यंत्रावरची माणसं हसली. धाकटा लाल झाला, काहीतरी पुटपुटत गेला. ताई रागातच वळल्या, टेप सोडला, आकडा लिहिला, मामांना खूण केली. घण पडू लागला. पहिले पंधरा सेंटिमीटर तीन ठोक्यांत. पुढचे तीन. पुढचे चार.

सात.

मामांनी दोर धरून ठेवला आणि ताईंकडे पाहिलं. ताईंनी वहीत सात लिहिलं. पाहिजे होते अठरा. पुढे जाण्यात अर्थ नव्हता. बोअर तिथेच थांबवला आणि संध्याकाळी आकडा मॅडमच्या टेबलावर गेला.

त्या रात्रीपासून घरात जिना दोन मजल्यांमधली सरहद्द झाला. भावजय एरवी दिवसातून सहा वेळा खाली यायची. आता आईची औषधं खालच्या पायरीवर ठेवून परत जाऊ लागली. धाकटा मात्र दुसऱ्याच दिवशी सकाळी खाली आला.

"ताई, परत मोज."

"का?"

"सात येऊच शकत नाही. शेजारच्या बोअरला एकवीस आहे. मी त्या जागेवर स्वतः उभा होतो. मोटर किती वीज ओढत होती त्याची नोंद आहे माझ्याकडे. वाळू घट्ट झाल्याशिवाय मोटरवर एवढा ताण येतच नाही."

"वाळू सगळीकडे एकसारखी नसते. मधे गाळाचा थर आला असेल. गाळात थरथर चालत नाही."

"नळीत गाळ निघाला?"

ताईंनी नकारार्थी मान हलवली. नळीत स्वच्छ वाळू निघाली होती.

"मग?"

"मग काहीही असेल. आलेला आकडा मी बदलत नाही, तुला ठाऊक आहे."

"बदल कुठे म्हणतोय, परत मोज म्हणतोय."

"नापास झालेला प्रत्येक जण परत मोजा म्हणतो. तुझ्या जागी दुसरा असता तर मी मोजलं असतं का? नसतं. मग तुझ्यासाठी का मोजू?"

तो जाताना दार आपटून गेला नाही, हळूच लोटून गेला. ताईंना ते जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी बातमी आली. गुरुवारी सकाळी दहाला साइट ऑफिसात बैठक. धाकट्याच्या कंपनीचे साहेब येणार. एका जागी सात म्हणजे बाकीच्या कामावर तरी विश्वास कसा ठेवायचा, असा त्यांचा सूर होता. सगळा पट्टा पुन्हा करायचा, आणि प्रमुख बदलायचा.

बुधवारी संध्याकाळी चहा घेऊन ताई बैठकीसाठी अहवाल लिहायला बसल्या. साइटवरची वही डावीकडे, कोरा कागद उजवीकडे. त्यांची वही म्हणजे शिस्तीचा नमुना. दर खोलीला आधी दोन मापं: बोअर किती खोल नेला, आणि नळी प्रत्यक्षात कुठे टेकली. मग ठोके. त्या एकेक ओळ उतरवत गेल्या. चार मीटर: बोअर चार, नळी टेकली तीन अठ्ठ्याण्णव. ठीक. सहा मीटर: बोअर सहा. नळी टेकली पाच पंचेचाळीस.

पेन थांबलं.

पंचावन्न सेंटिमीटर. सहा मीटरपर्यंत नेलेल्या बोअरमध्ये नळी साडेपाचच्याही अलीकडेच टेकली होती, कारण तळात हातभर वाळू उसळून वर आली होती. असं कधी होतं, हे ताईंनी निदान चाळीस पोरांना शिकवलं होतं. बोअर सतत काठोकाठ पाण्याने भरलेला हवा. तो रिकामा होऊ लागला आणि वरून अवजार भसकन ओढलं की बाहेरच्या पाण्याचा दाब वाळूला खालून आत ढकलतो. मग नळी मोजते ती ही नुकतीच उसळलेली, विस्कटलेली वाळू. खरी जमीन तिच्या खालीच राहते. दोन मापांत चार बोटांपेक्षा जास्त फरक दिसला तर मोजायचंच नाही. बोअर साफ करायचा, पाणी भरायचं, मग पुढे. हा नियम त्यांच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरात लावलेला होता.

आणि वहीतलं पाच पंचेचाळीसही त्यांच्याच अक्षरात होतं. लिहिलं होतं, वाचलं नव्हतं. त्या वेळी त्या भावाला झापण्यात गर्क होत्या.

ताईंनी चष्मा काढला. चहा गार झाला होता, त्यांनी तो तसाच पिऊन टाकला. आता काय? ही गोष्ट त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हती. मामांना वाचता येत नव्हतं. गप्प बसलं तर धाकटा जाणार, आणि ताईंचा आकडा कायम आकडाच राहणार. बोललं तर अख्खं शहर म्हणणार, पाहा, एकतीस वर्षांत बाईंची एक चूक झाली, आणि ती नेमकी सख्ख्या भावाच्या बोअरमध्ये, आणि सापडली कधी, तर बैठकीच्या आदल्या संध्याकाळी. हे ऐकून ताई स्वतःही हेच म्हणाल्या असत्या, याची त्यांना खात्री होती. त्यानंतर त्यांच्या कुठल्याही आकड्याला कोण विचारणार?

"इतका वेळ पेन वाजत नाहीये," आई पलंगावरून म्हणाली.

ताईंनी सगळं सांगितलं. आईला सांगितलं म्हणजे भिंतीला सांगितल्यासारखं नव्हे. आईने बारीकसारीक विचारलं. पाणी का उतरलं, नळी काय, चार बोटं म्हणजे कुणाची बोटं. मग म्हणाली, "चूक तुझी?"

"माझी."

"धाकटा नसता, दुसराच कुणी असता, तर सांगितली असतीस?"

"लगेच. चहासुद्धा गार झाला नसता."

"मग आता चहा गार करायचं कारण काय?"

"लोक काय म्हणतील ते..."

"लोकांचं तू कधीपासून मोजायला लागलीस?" आई म्हणाली आणि कूस बदलून पडून राहिली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

ताईंच्या दृष्टीने तो तिथून सुरू झाला. नुसतं चुकले म्हणून भागणार नव्हतं. चुकले म्हणणं सोपं. त्यातून भावाचा फायदा एका सुतानेही आपल्या हातून होता कामा नये, आणि तोटाही होता कामा नये. त्यांनी अहवाल बाजूला सारला आणि स्वच्छ अक्षरात दुसराच कागद लिहिला.

गुरुवारी साइट ऑफिसात मॅडम होत्या, कंपनीचे साहेब होते, आणि कोपऱ्यात मान खाली घालून धाकटा. पत्र्याच्या छपराचं ऑफिस, पंखा फक्त आवाज करणारा. साहेबांनी सुरुवात करायच्या आतच ताईंनी वही मॅडमसमोर उघडून ठेवली आणि त्या ओळीवर बोट टेकवलं.

"सात हा आकडा रद्द धरा. तळात वाळू उसळली होती, मी पाहिलं नाही. चूक माझी."

मॅडमनी ओळ वाचली. पुन्हा वाचली. साहेब मागे रेलून हसले. "ताई, आकडा बुधवारपर्यंत ठीक होता. मधे घरी काय जेवायला होतं?"

"गेले तीन दिवस भाऊ-भावजय माझ्याशी धड बोललेले नाहीत, साहेब, जेवण कुठलं," ताई म्हणाल्या. "पण तुम्हाला वाटलं ते बरोबरच आहे. तुमच्या जागी मला हेच वाटलं असतं. म्हणून ऐका. अकरा नंबर परत मोजायचा, पण मी मोजायचा नाही. माझ्या प्रयोगशाळेनेही नाही. बाहेरच्या शहरातला, आम्हा दोघांना न ओळखणारा माणूस मॅडमनी बोलवावा. मी तिथून शंभर पावलं लांब बसेन. येईल तो आकडा. आणि या कागदावर माझी चूक लिहिली आहे, ती अहवालाच्या पहिल्या पानावर जाऊ द्या. शेवटी लपवू नका."

"आणि परत सातच आला तर?" साहेबांनी विचारलं.

"तर सात."

कोपऱ्यातला धाकटा उठला. "पाणी मी ओढलं होतं," तो म्हणाला. "त्या दिवशी यंत्राचा व्हॉल्व्ह मी पूर्ण उघडला. ताईंच्या पिंपाचं पाणी तुटणार हे मला कळायला हवं होतं. चूक तिची नाही."

"तू बस," ताई म्हणाल्या. "व्हॉल्व्ह तुझा होता, बोअर माझा होता. आत पाणी आहे का नाही ते बघणं हे माझं काम. तुझ्या व्हॉल्व्हचं तू तुझ्या साहेबांना सांग, माझ्या कागदात घुसू नकोस."

मॅडमनी कागद घेतला, तारीख घातली. "सोमवारी," त्या म्हणाल्या.

सोमवारी दुसऱ्या शहरातून एक गंभीर, टकलू गृहस्थ आपली माणसं आणि आपला घण घेऊन आले. कुणाच्या चहालासुद्धा त्यांनी हात लावला नाही. ताईंना ते फार आवडलं. जुन्या बोअरपासून मीटरभर बाजूला, त्याच तीन ठिकाणांच्या मधे, नवा बोअर सुरू झाला. ताई शंभर पावलांवर अवजारांच्या शेडमागे पालथ्या खोक्यावर पाठमोऱ्या बसल्या. मामाही तिथेच; ताईंचा माणूस म्हणून त्यांनाही मज्जाव होता आणि त्याचा त्यांना भयंकर अपमान वाटत होता.

घण पडू लागला. ताईंनी मांडीवर चाळणी घेतली होती, ती त्या ब्रशने घासत होत्या. हात थांबला.

"मोजू नका," मामा म्हणाले.

"मी कुठे मोजतेय?"

"ओठ हलतायत."

"तुमच्याकडे बघायला दुसरं काही नाही का?"

पलीकडे ठोके पडत राहिले. थांबले. चार मीटरचं झालं होतं. आता बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. तो गृहस्थ बोअर काठोकाठ भरल्याशिवाय अवजाराला हात लावू देत नव्हता. त्याचा खडा आवाज इथवर येत होता. ताईंनी मान डोलावली. मग पुन्हा घण. मामांचा उजवा हात प्रत्येक ठोक्यामागे मांडीवर किंचित उचलला जात होता. आपण ते करतोय हे त्यांना कळत नव्हतं.

ठोके थांबले.

"एकतीस," ताई म्हणाल्या.

"तीस."

"एकतीस. एक हलका पडला."

"हलका पडला तो धरायचा कशाला? दोर नीट सोडता येत नाही त्यांच्या माणसाला."

"पहिल्या पंधराचे आठ-नऊ गेले तर उरले बावीस," ताई म्हणाल्या आणि चाळणी पुन्हा घासू लागल्या. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

तासाभराने मॅडम स्वतः शेडमागे आल्या. हातात कागद होता. "चार मीटर वीस, सहा मीटर बावीस, आठ मीटर चोवीस." त्यांनी कागद ताईंपुढे धरला. "पास."

"बरं," ताई म्हणाल्या.

धाकट्याचं काम टिकलं. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, व्हॉल्व्हबद्दल दोन शब्द सुनावले, आणि यंत्र पुढच्या रांगेकडे गेलं. पण कुजबुज थांबली नाही. थांबणार कशी? बाहेरच्या माणसाचा आकडा सगळ्यांनी पाहिला, तरी चहाच्या टपरीवर गोष्ट रंगली ती वेगळीच: बाईंनी भावाला वाचवलं, कसं वाचवलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. दुसऱ्या एका साइटवर एका पोरसवदा इंजिनीअरने ताईंचा आकडा ऐकून "नक्की ना?" असं विचारलं. वाद घालणारे पूर्वीही होते; असा संशय एकतीस वर्षांत पहिल्यांदा. ताईंनी मीटरभर बाजूला नवा बोअर घेतला, त्याला शेजारी उभं करून पुन्हा मोजलं. आकडा तोच आला. पोरगा ओशाळला. ताई म्हणाल्या, "ओशाळू नका. विचारत जा."

हॉस्पिटलच्या जागेवर मात्र त्यांनी स्वतःच मॅडमना सांगितलं की यापुढे धाकट्याच्या कामाची मोजणी मी करणार नाही. कागदावर कुणाची हरकत नव्हती. मॅडमनी आग्रहही केला. ताई म्हणाल्या, "तुमचा विश्वास आहे हे कळलं. पण मला त्याच्यावर चिडता येतं, आणि चिडले की मी वाचत नाही. हे मला आता माहीत झालंय." कर्मचाऱ्यांच्या घरांसाठी नदीच्या बाजूला वेगळा तुकडा होता, तिथे अजून कुठलंच यंत्र पोचलं नव्हतं. तो त्यांनी मागून घेतला.

त्या संध्याकाळी भावजय खाली आली. औषधं पायरीवर न ठेवता आईच्या हातात दिली, ताईंच्या समोरच्या खुर्चीत बसली, आणि भाजी निवडायला घेतली. थोड्या वेळाने धाकटाही आला आणि दारात उभा राहिला.

"ताई, थँक यू म्हणू का?"

"कशाबद्दल? मी चुकले त्याबद्दल?"

"तसं नव्हे."

"मग बस आणि जेव. बसून जेव."

तो बसला. अर्धी पोळी होईपर्यंत बसला, मग उभा राहिला. ताईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

नदीकडच्या तुकड्यावर पहिला बोअर गेल्या मंगळवारी घेतला. वारा जोराचा होता, मामांची टोपी दोनदा उडाली. बोअर दोन मीटरवर आला. ताईंनी वाकून आत पाहिलं. पाणी काठापासून वीतभर खाली होतं. पिंपातून बादली भरून त्यांनी स्वतः ओतली, मग आणखी एक. टेप सोडला. पूर्वी त्या आकडा लिहून मोकळ्या व्हायच्या. आता दोन्ही मापं मोठ्याने वाचू लागल्या होत्या, आणि मामांनी ती ऐकून फरक बोटांवर सांगायचा असा नवा नियम झाला होता. मामांना वाचता येत नसलं तरी हिशेब पक्का होता.

"बोअर दोन मीटर. नळी टेकली एक मीटर नव्व्याण्णव."

"अर्धं बोट," मामा म्हणाले. "चालेल."

त्यांनी दोर ओढून घण सळईवर अलगद टेकवला आणि उचलायची वाट पाहत थांबले. घण उचलावाच लागला नाही. नुसत्या वजनानेच सळई सरसर खाली निघाली, पहिली खूण गेली, दुसरी गेली, तिसरी अर्धी गेल्यावर कुठे थांबली. मामांनी दोर हातात तसाच धरून ताईंकडे पाहिलं.

"ठोका एकही नाही," ते म्हणाले. "आता लिहिणार काय?"

ताईंनी वाकून तिसरी खूण किती बुडाली ते टेपने मोजलं, वही वाऱ्याविरुद्ध गुडघ्याने दाबून धरली आणि एक मोठं, गोल शून्य काढलं. मग त्याच्यापुढे लिहिलं: घणाच्या वजनाने गेली. लिहून झाल्यावर ती ओळ त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत मामांना वाचून दाखवली.